ताणाचे वाफे

हाजराबी मुलाणी हे नाव माझ्या प्रबंधात कुठेही नाही. प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार मानायची रीत असते. तिथे मी मार्गदर्शकांचे, विभागप्रमुखांचे, ग्रंथपालांचे, इतकंच काय, तक्ते टाईप करून देणाऱ्या मुलाचेही आभार मानले आहेत. हाजराबींचं नाव घातलं असतं तर त्या कोण, त्यांनी काय केलं, हे कुणीतरी विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर मला देता आलं नसतं. म्हणून ते नाव या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत लिहिलं आहे. मी आज जो काही आहे तो ज्यांच्यामुळे आहे, त्यांत आईवडिलांच्या बरोबरीने मी त्यांना धरतो. त्यांनी माझ्यासाठी काय केलं हे सांगता येईल. त्या दिवशी मी त्यांच्याशी जसा वागलो तसा का वागलो, हे मात्र इतक्या वर्षांनी लिहायला बसलो तरी मला नीट उमगत नाही.

मी दौंडचा. वडील रेल्वेत गँगमन होते, आणि आमच्या घराण्यात कुणाकडे गुंठाभरही जमीन नव्हती. गहू मी पाहिला तो किराणा दुकानातल्या पोत्यात आणि आईच्या सुपात. बारावीला बरे गुण पडले, शाळेतले सर म्हणाले शेतकीला जा, म्हणून गेलो. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे जा म्हटलं की जायचं एवढंच मला ठाऊक होतं. पदवी झाली, पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला, आणि संशोधनासाठी विषय मिळाला तो गव्हाच्या जुन्या, देशी वाणांचा. पाण्याचा ताण पडला की या वाणांची वाढ कशी होते, उंची किती राहते, फुटवे किती येतात, ओंबी कधी बाहेर पडते, हे मोजून लिहायचं. बारा वाणांची बारा खाकी पाकिटं सरांनी माझ्या हातात दिली. खपली, बन्सी, काळी कुसळ अशी काहींना नावं होती, बाकीच्यांना नुसते नंबर. माझे मार्गदर्शक फार कमी बोलत. ते एवढंच म्हणाले, "कॉलेजच्या काळ्या रानात ताण कळणार नाही. माळावर जा."

माळ मिळाला तो न्हावऱ्याच्या शिवारात, कालव्याच्या वरच्या अंगाला. कालव्याच्या खाली ऊस आणि कांदा, हिरवंगार. वरच्या अंगाला हातभर मातीखाली मुरूम. मुलाण्यांचा एक तुकडा कालव्याखाली होता आणि इथे वर पाऊण एकर रान होतं, आणि हिवाळ्यात दोन तास चालेल एवढं पाणी असलेली एक विहीर. हाजराबींचे मालक बाबूलाल हे शिक्रापूरच्या कारखान्यांचा माल ट्रकने पोचवायचे, आठवड्यातून एकदा घरी यायचे. रान, तीन म्हशी आणि घर हाजराबी बघायच्या. एकुलती एक मुलगी रुक्साना दहावीला होती. सरांच्या ओळखीतल्या कुणीतरी शब्द टाकला आणि एका हंगामापुरतं ते रान मला मिळालं. राहायला त्यांच्याच घराची पुढची खोली. मी त्यांना मामी म्हणू लागलो, बाबूलाल आपोआप मामू झाले. पहिले पंधरा दिवस मामी मला "सर" म्हणायच्या आणि मी ओशाळायचो. मग एक दिवस मी म्हशीच्या दाव्यात पाय अडकून शेणात पडलो, आणि त्या हसत हसत "ऊठ रे बाबा, ऊठ" म्हणाल्या. तेव्हापासून मी "तू" झालो.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. आता मी अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो, पहाटे उठतो, आणि क्षणभर किटल्यांची टोपणं वाजल्यासारखी वाटतात. पहाटे अजान व्हायची, तिच्या मागोमाग म्हशींच्या साखळ्या खुळखुळायच्या, मग धारांचा आवाज, आधी रिकाम्या चरवीत टणटण आणि हळूहळू जाड होत जाणारा. सहाला डेअरीवाल्याची मोटारसायकल. नंतर रस्त्याने उसाच्या ट्रॅक्टरवर लावलेली गाणी. न्याहारीला बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि रात्रीचं कालवण असेल तर ते. दौंडला आमच्याकडे रेशनच्या गव्हाची चपाती असायची, दुपारपर्यंत तिचा पापड व्हायचा. मामी शुक्रवारी मामू यायचे त्या दिवशी गव्हाच्या पोळ्या करायच्या. त्या पोळीचा रंग लालसर, तोडायला जरा चिवट, आणि संध्याकाळी उरलेली खाल्ली तरी मऊ. कधी गेलेल्यांच्या नावाने फातिहा असला की त्याच पोळ्या कुस्करून गूळ-तूप घालून मलिदा व्हायचा. "हा कुठला गहू?" असं मी एकदा विचारलंही होतं. मामी म्हणाल्या, "घरचा." मी मान हलवली आणि आणखी एक मूठ मलिदा घेतला. गव्हावर संशोधन करणारा मुलगा दर शुक्रवारी तो गहू खात होता आणि पुढचा प्रश्न त्याला सुचला नाही.

पेरणी दिवाळीनंतर झाली. प्रत्येक वाणाचे सहा वाफे, तीन पाण्याचे आणि तीन ताणाचे, असे एकूण बहात्तर छोटे वाफे. पाण्याच्या वाफ्यांना वेळच्या वेळी पाणी द्यायचं, ताणाच्या वाफ्यांना उगवणीपुरतं एकच. मी दोरी लावून ओळी आखल्या. ओळीत बी सोडायला मामी आणि रुक्साना होत्या. मी पाकीट फोडायचो, ओळीपुरतं बी मामींच्या तळहातावर ओतायचो, त्या ओणवून एका लयीत बी सोडत जायच्या. माझ्याच्याने तसं होत नव्हतं, माझ्या हातून एका जागी पाच दाणे आणि पुढे वीतभर मोकळं. मामींनी पदराचा ओचा खोचलेला होता आणि दर ओळीला त्यांचा हात एकदा ओच्याकडे जाऊन यायचा. मला वाटलं, कमरेत कळ येत असेल. मी म्हणालोसुद्धा, "मामी, बसा थोडं." त्या म्हणाल्या, "पेरताना बसत न्हाईत."

डिसेंबरपासून मी मोजायला लागलो, आणि तेव्हापासूनच माझा गोंधळ सुरू झाला. प्रत्येक वाफ्यातली रोपं घ्यायची, उंची लिहायची, फुटवे मोजायचे, दुपारी पानं किती वळतात ते बघायचं. आकडे जमेनात. बन्सीच्या वाफ्यात काही रोपं बन्सीसारखी, काही भलतीच. खपलीत तेच. नंबर सातमध्ये तेच. बरं, ही भलती रोपं सगळ्या वाफ्यांत एकमेकांसारखी दिसायची. पानांवर राखेसारखी निळसर झाक. दुपारी बारा वाजले की त्यांची पानं सुईसारखी गुंडाळून जायची आणि उन्हं उतरली की उलगडायची. पाण्याच्या वाफ्यांत ती उंच होऊन कलंडत होती, तिथे त्यांचं काही कौतुक करण्यासारखं नव्हतं. पण ताणाच्या वाफ्यांत जानेवारीत बाकीची रोपं खालून पिवळी पडत असताना ही हिरवी उभी होती, आणि बाराही वाणांच्या वाफ्यांत त्यांची ओंबी एकाच आठवड्यात बाहेर पडली. मी सरांना पोस्टकार्ड टाकलं. त्यांचं उत्तर आलं, देशी वाणांत थोडी सरमिसळ असायचीच, काळजी नको. पण बारा गावांहून आलेल्या बारा पाकिटांत तीच सरमिसळ कशी असेल? मी वही घेऊन बांधावर बसून राहायचो. मला वाटायचं, माझ्या मोजण्यातच चूक आहे. ज्याच्या घरात कधी शेत नव्हतं त्याने या वाटेला यायलाच नको होतं, असंही वाटायचं. शुक्रवारी मामू ट्रक लावून रानात यायचे आणि लांबूनच ओरडायचे, "काय गहूसाहेब, आज किती इंच वाढला?"

"वाढला, मामू. पण कुठला वाढला तेच कळत नाही."

"आरं, गहू हाय त्यो. तुझ्यासारखा कालेजात गेल्याला न्हाई. त्याला कुठं कळतंय आपुन नंबर सात हाय म्हून!"

गावात पारावरची माणसंही मला विचारायची, की हा पट्टीने गहू मोजतो तर कापडासारखा वारावर विकणार का. मी हसायचो. आतून मात्र घाबरलेला असायचो. वर्ष वाया गेलं तर शिष्यवृत्ती थांबणार होती आणि दुसरं वर्ष शिकायला वडील मला ठेवू शकणार नव्हते, हे मला स्वच्छ ठाऊक होतं.

दाणा चिकातून घट्ट व्हायला लागला होता तेव्हाची गोष्ट. मी ताणाच्या एका वाफ्यात बसून उंची मोजत होतो. मामी भाकरी घेऊन आल्या, फडकं बांधावर ठेवलं, आणि माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ती नगं मोजू," त्या म्हणाल्या.

"का?"

"ती आमची हाय."

"सगळंच रान तुमचं आहे, मामी."

"तसं न्हाई रे. ही बघ, ही आमची. ही तुझी, ही तुझी, ही बी तुझीच. ती पल्याड सुईवानी पानं झाल्याली दिसती का? ती आमची." त्या चालत पुढे गेल्या आणि घरातली भांडी मोजावीत तशा बोट दाखवत सुटल्या. "आमची. आमची. तुझी. आमची."

माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. "तुमची म्हणजे कशी?"

"म्हंजी घरचा गहू. पेरताना टाकला न्हाई का मी? वच्यात हुता की."

"कुठे टाकला?"

"समद्या वळीत. मुठीमुठीत चार दाणं. परक्याचं बी येकलं टाकत्यात व्हय मातीत? त्याला घरचं बी सोबतीला द्याया लागतंय. आन् ह्ये रान तुला दिलं, खाली कांदा लावला, मग आमचं बी मी कुठं टाकू? येक वरीस मातीत गेलं न्हाई तर बी मोडतं." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुला ठाऊक न्हाई? मग कालेजात शिकीवत्यात तरी काय?"

त्यांच्या बोलण्यातलं "बी मोडतं" हे मला ऐकू आलं होतं. पण त्या क्षणी त्याचा अर्थ माझ्यात शिरला नाही. मला दिसत होती ती माझी वही. सात-आठशे रोपांचे आकडे, त्यातलं कुठलं कुणाचं हे आता देवालाही सांगता आलं नसतं. मी उभा राहिलो आणि ओरडायला लागलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. जे आठवतं ते लिहिणं भाग आहे. "माझं वर्ष घालवलंत तुम्ही," असं मी म्हणालो. "अडाणी माणसांच्या हातात काम दिलं की असंच होतं," असंही म्हणालो. माझी आई अंगठा लावते. वडील जेमतेम सही करतात. हा शब्द मला आयुष्यात ज्यांनी ऐकवला त्यांच्याबद्दल माझ्या मनात अढी होती, आणि तोच शब्द मी, त्यांच्या रानात उभा राहून, त्यांनी आणलेली भाकरी बांधावर असताना, त्यांना ऐकवला.

मामींनी फडकं उचलून माझ्या वहीजवळ ठेवलं. "भाकरी खाऊन घ्या," म्हणाल्या आणि घराकडे चालू लागल्या. पुन्हा "तुम्ही" झालेलं मला रस्त्याच्या वळणावर त्या दिसेनाशा झाल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मी शिरूरला गेलो. न्हावऱ्यात एका दुकानात फोन होता, पण गावासमोर रडावं लागेल या भीतीने मी तिथून केला नाही. स्टँडजवळच्या बूथमध्ये काचेचं दार लावून घेतलं आणि सरांना सगळं सांगितलं.

"ताणाच्या वाफ्यात बाईंची झाडं कशी आहेत?" सरांनी विचारलं.

"तीच उभी आहेत, सर. बाकी सगळी वाळायला लागली."

"बाराही वाणांपेक्षा चांगली?"

"हो, सर."

"मग तू रडतोस कशाला?" सर म्हणाले. मी त्यांना इतकं मोठ्याने बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "एकाही झाडाला हात लावू नकोस. बाईंना सोबत घे, त्या दाखवतील त्या प्रत्येक झाडाला खूण बांध. तुझं खरं काम आता सुरू झालंय. मी गुरुवारी येतो. आणि बाईंना विचार, बी कुठून आलं."

मी बूथमधून बाहेर आलो तेव्हा मला धड आनंद झाला होता की भीती वाटत होती, सांगता येत नाही. बाजारात जाऊन लाल दोऱ्याची चार रिळं घेतली. मामींसाठी पाव किलो बालुशाही घेतली. माफी कशी मागायची ती वाक्यं एसटीत जुळवत होतो. खिडकीजवळ बसलो होतो, आणि करडे गावाच्या पुढे रस्ता वळला तसं मला हसू यायला लागलं, की ज्या रोपांनी मला तीन महिने वेड लावलं त्यांना आता एकेकाला दोरा बांधायचा.

पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मी घरी न जाता सरळ रानात गेलो. लांबूनच वाफे वेगळे दिसले. मधे मधे मोकळे, दात पडल्यासारखे. बांधावर उपटलेल्या रोपांचे ढीग होते, मुळांना माती तशीच, ओंब्या हिरव्या. शेवटच्या वाफ्यात मामी ओणवून उभ्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला रुक्साना, शाळा बुडवून. मला पाहून मामींनी कंबर सरळ केली. कुसळांनी त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले होते आणि तळव्यांना रक्त आलं होतं.

"बगा," त्या म्हणाल्या, "येक न्हाई ठिवलं. पान्याच्या वाफ्यात बी न्हाई. आता तुमचं शेत चोख झालं."

दोऱ्याची रिळं माझ्या पिशवीत होती.

"काय म्हणले तुमचं सर? लई रागावलं?"

"नाही," मी म्हणालो. "चालेल म्हणाले."

"मग झालं तर," मामी म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसून बांधावर बसल्या. पहाटेपासून पोटात काही नव्हतं त्यांच्या. मी बालुशाहीचा पुडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक रुक्सानाला दिली, एक मला दिली आणि एक स्वतः खाल्ली.

विहिरीवर हात धुताना मी रुक्सानाला हळूच विचारलं, "घरात अजून बी असेल ना?" मला तेवढीच आशा होती.

"न्हाई दादा. आवंदा थोडंच ऱ्हायलं हुतं, ते समदं तुमच्यात टाकलं. खायाचं हुतं ते दळून आणलं. सकाळी अम्मीनं बियाचं मडकं धुवून पालथं घातलं. आता काय ठिवायचं त्यात, म्हणली."

मग मी परत जाऊन मामींना खरं सांगायला हवं होतं. उशीर झाला असला तरी सांगायला हवं होतं. मी ते केलं नाही. ढिगांशी म्हशी सोडायच्या आत मी दोन गोणपाटं आणली आणि वाळवून वजन करायचं आहे असं सांगून सगळ्या ओंब्या कापून भरल्या. उपटताना मुळं गुंतून माझ्या वाणांची रोपंही बरीच निघाली होती. त्या ढिगात कुठली ओंबी कुणाची हे बघायला मला सवड नव्हती आणि ओळखही नव्हती. मामी दोनदा म्हणाल्या, "टाका की म्हशीला, कवळं हाय." मी ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं.

गुरुवारी सर आले. वाफे बघत फिरले, एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. घरी मामींनी चहा दिला. सरांनी त्यांना विचारलं, "बाई, तुमच्या घरच्या गव्हाचं बी मिळेल का थोडं?" मामी म्हणाल्या, "आता न्हाई, सायेब. ते काडलं समदं. ह्यांचं शेत खराब हुईत हुतं." सरांनी कप खाली ठेवला. एसटीच्या थांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो. ते एवढंच म्हणाले, "तू त्यांना सांगितलं नाहीस." मी नाही म्हणालो. "मग कधी सांगणार?" एसटी आली, ते चढले.

शुक्रवारी मामू आले. त्या दिवशी त्यांनी मला गहूसाहेब म्हणून हाक मारली नाही. जेवताना भाकरी होती, पोळी नव्हती. ते ताटाकडे बघत म्हणाले, "हिच्या आईनं दिल्यालं बी हुतं त्ये. मांडवगण फराट्याहून लग्नात वच्यात बांधून आणलं हुतं हिनं. मला घड्याळ दिलं हुतं सासऱ्यानं, ते सहा महिन्यात बंद पडलं. गहू तेवढा चालू हुता." मामी आतून म्हणाल्या, "जेवा गुमान." मामू जेवले. माझ्यावर कुणीही रागावलं नव्हतं, आणि तेच मला झेपत नव्हतं.

हंगाम संपला. माझं शेत चोख असल्यामुळे आकडे व्यवस्थित आले. कुठल्या वाणाची उंची ताणात किती घटली, कुणाचे फुटवे टिकले, कुणाची ओंबी लवकर आली, याचे तक्ते झाले. प्रबंधात एक वाक्य आहे, "वाफ्यांतील भिन्न रोपे दाणे भरण्याच्या अवस्थेत काढून टाकण्यात आली." कुणी काढली, ते त्या वाक्यात नाही. परीक्षकांनी त्या वाक्यावर काही विचारलं नाही. पदवी मिळाली त्या दिवशी वडील रेल्वेचा निळा शर्ट इस्त्री करून घालून आले होते आणि सभागृहात शेवटपर्यंत उभे राहिले, कारण खुर्चीवर बसायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मी खूश होतो. खरोखर खूश होतो. आणि त्याच वेळी माझ्या खोलीत पलंगाखाली दोन गोणपाटं होती, त्यांचं काय करायचं हे मला समजत नव्हतं. माणसाला एकाच दिवशी इतकं कृतज्ञ आणि इतकं चोरट्यासारखं वाटू शकतं का? मला वाटत होतं.

पुढची दिवाळी झाल्यावर मी मामींना पत्र लिहिलं. तीन वेळा लिहिलं आणि तिसरं पोस्टात टाकलं. दुसऱ्या वेळचा कागद माझ्याकडे राहिला. टाकलेल्या पत्रात आणि त्यात फारसा फरक नव्हता, म्हणून तोच इथे उतरवतो.

"हाजरामामींना सलाम आणि नमस्कार.

मामी, हे पत्र रुक्साना वाचून दाखवील. तिने मधलं काही गाळू नये.

त्या दिवशी शिरूरहून आल्यावर मी तुम्हांला खोटं सांगितलं. सर चालेल म्हणाले नव्हते. सर म्हणाले होते, त्या झाडांना हात लावू नको, तीच खरी कामाची आहेत. मी खुणा बांधायला दोरा आणला होता. तुम्ही झाडं काढलीत ती मी बोललेल्या वाईट शब्दांमुळे काढलीत, माझं नुकसान होऊ नये म्हणून काढलीत, आणि त्यात तुमच्या आईचं बी गेलं. तुमचे हात बघून मला खरं बोलता आलं नाही. निदान मी स्वतःला तसं सांगतो. शेत चोख झालं म्हणून मला मनातून बरंही वाटलं असेल का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. नक्की उत्तर येत नाही. मी तुम्हांला अडाणी म्हणालो, त्याची माफी या पत्रात मागतो. समोर येऊनही मागेन.

मी गोणपाटात भरून नेलेल्या ओंब्या वजनासाठी नव्हत्या. त्या मी सावलीत वाळवल्या. दाणे सुरकुतलेले निघाले, बरेच किडले. उरलेले मी कॉलेजच्या रानात एका कोपऱ्यात टाकले. चौदा उगवले आहेत. वीतभर झाले आहेत. पण ते तुमचे आहेत की माझ्या बारा पाकिटांतले, हे मला ओळखू येत नाही. इथली माती काळी, ओल धरून असलेली. पानं दुपारी वळत नाहीत. मी पट्टी लावली, भिंगातून बघितलं, सरांना दाखवलं. सरही म्हणाले, सांगता येत नाही.

तुम्ही बोट लावून आमची, तुझी असं सांगत गेला होता तेव्हा मी तुमच्या बोटाकडे बघितलं, झाडाकडे बघितलं नाही. त्यामुळे मी शिकलो नाही.

तुम्ही एकदा इकडे याल का? मामूंना सुट्टी असेल त्या दिवशी त्यांना घेऊन या, किंवा रुक्सानाला घेऊन सकाळच्या एसटीने या. मी स्टँडवर उभा राहीन. चौदा झाडं बघायची आहेत, फार वेळ लागणार नाही. जी तुमची असतील ती माझ्याकडे राहणार नाहीत, दाणा पिकला की तुमच्या घरी येतील. एकही तुमचं नसलं तर तसं सांगा. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका.

तुमचा,
दत्तात्रय"